पोरं गेल्यावर घरात दोघंच

ताईंनो, गटांच्या बैठकांना गेलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता कुणासाठी करायचं?" मुलगी सासरी गेलेली असते, मुलगा चाकणला नाहीतर मुंबईला कामाला लागलेला असतो. घरात उरतात नवरा-बायको आणि दावणीची जनावरं.

आपल्याकडं लग्नं लवकर झालेली, त्यामुळं चाळिशी-पंचेचाळिशीतच पोरं बाहेर पडतात. वीस-बावीस वर्षं सगळा दिवस त्यांच्या वेळेवर बांधलेला असतो. डबा, शाळेची एसटी, परीक्षेची फी. ते एकदम थांबतं, पण हात थांबत नाहीत. एक ताई सांगत होत्या, दोन महिने झाले तरी पीठ चौघांचंच मळलं जातं, आणि उरलेली भाकरी म्हशीला घालताना डोळ्यांत पाणी येतं. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

त्यातच पाळी जायचं वय येतं, साधारण 45 ते 55. झोप लागत नाही, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. कितीतरी जणी हे सगळं पोराच्या आठवणीवर ढकलून सोसत राहतात. आशाताईंशी बोला. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर मात्र तडक दवाखाना गाठा. आणि दोन आठवडे झाले तरी मन उदास, जेवण नको, कामात लक्ष नाही असं असेल तर 14416 वर फोन करा. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा आहे. मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा चालू असते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. याच काळात काही ताया गट सोडायचं म्हणतात. "मुलगा पैसे पाठवतो, बचत कशाला?" पण ते पैसे बऱ्याचदा त्याच्या वडिलांच्या खात्यावर येतात, आणि खोलीभाडं वाढलं, त्याचं लग्न झालं की कमीही होतात. गटातली बचत तुमच्या नावावर आहे, अडीनडीला लागणारं कर्ज तिच्याच जोरावर मिळतं. शिवाय मुलीच्या लग्नाला काढलेल्या कर्जाचे हप्ते मुलगी गेली म्हणून थांबत नाहीत! उलट आता बैठकीतून घाईनं उठायचं कारण राहिलं नाही. दप्तर लिहायला शिका.

घरातल्या माणसाचं काय? इतकी वर्षं दोघांचं बोलणं पोरांवरूनच चालायचं. आता संध्याकाळी टीव्ही तेवढा बोलतो. एक ताई हल्ली दोघांची भाकरी बांधून रानात नेतात आणि तिथंच मालकांसोबत जेवतात. पहिले चार दिवस मालक म्हणाले, "लोक काय म्हणतील!" आता तेच वाट बघतात म्हणे.

फोनचं एक सांगते. आधी मुलाची शिफ्ट विचारून घ्या. रात्रपाळी करून झोपलेल्या पोराला सकाळी नऊला उठवलं, तो तुटक बोलला, की दिवसभर जिवाला लागून राहतं. आणि व्हिडिओ कॉल स्वतः लावायला शिका, शेजारच्या पोराची वाट बघू नका. पुढच्या बैठकीला मोबाईल चार्ज करून आणा, बचत गोळा झाली की तिथंच बसून शिकू.