धूर, वाफ आणि आमचा मामा

‘‘ह्यात धूर नसतो गं, नुसती वाफ असते!’’ – इति आमचा मामा. स्थळ : लालबागच्या चाळीतली गॅलरी, वेळ : गेल्या गणपतीतली रात्र. हातात जांभळ्या रंगाचं, हायलायटर पेनासारखं दिसणारं एक यंत्र. ओढलं की टोकाला दिवा लागतो आणि आंब्याच्या वासाचा ढग बाहेर येतो. शेजारच्या काकूंना वाटलं, कोणीतरी रूम फ्रेशनर मारला!

मामा चोपन्न वर्षांचा आहे आणि बाविसाव्या वर्षापासून सिगारेट ओढतो. म्हणजे बत्तीस वर्षं, दिवसाला दहा-बारा. आजोबा गिरणीत होते, ते विडी ओढायचे. आजी मिश्री लावायची. तेव्हा त्या घरात तंबाखू नाही असा काळच मला माहीत नाही. हे नवीन यंत्र मामेभावाने ऑफिसातल्या कुणाकडून तरी आणलं होतं. आणण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं, ‘‘चालेल ना?’’ घरात इंजिनिअरिंगला मी एकटी, त्यामुळे मला सगळंच कळतं असा सगळ्यांचा समज आहे. मीही ‘‘सिगारेटपेक्षा बरं, इंग्लंडमध्ये डॉक्टरसुद्धा देतात’’ असं ठोकून दिलं. अर्धवट वाचलेलं होतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

आधी सिगारेटचं बघू. झुरका मारताना जळत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. एवढ्या उष्णतेत तंबाखूचं पान नुसतं जळत नाही, फुटतं. त्यातून काही हजार रसायनं तयार होतात आणि त्यातली निदान सत्तर कॅन्सर करणारी म्हणून ओळखली जातात. चिकट, काळं टार फुफ्फुसात बसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हृदयाला कमी ऑक्सिजनवर काम करावं लागतं. आणि ह्या सगळ्या गर्दीतून निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. माणूस ओढतो ते निकोटीनसाठी, पण मरतो ते बाकीच्या धुरामुळे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल हे १९७६ मध्येच सांगून गेले होते. पुढे सगळं जे झालं ते ह्याच विचारातून : निकोटीन द्यायचं, पण जाळायचं नाही.

आता व्हेप. आमच्या ब्रँचला शोभेल अशी वस्तू आहे. एक लिथियम आयन बॅटरी, ३.७ व्होल्टची. एक बारीक कॉइल, साधारण एक-सव्वा ओहमची. कॉइलभोवती कापूस, कापसात द्रव. तुम्ही ओढलं की आतला छोटासा सेन्सर हवेचा दाब बदललेला ओळखतो (कंडेन्सर माइकचा भाऊच म्हणा) आणि कॉइलला करंट मिळतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे दहा-बारा वॉट. कॉइल दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि द्रव उडून त्याचे थेंब हवेत येतात. द्रवात असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटीन. म्हणजे शास्त्र बघायला गेलं तर ती ‘वाफ’ही नाही, बारीक थेंबांचं धुकं आहे. पण जळत काही नाही, त्यामुळे टार नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. मामाचं वाक्य निम्मं बरोबर होतं.

हे आजच्या रूपात आणलं ते होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ मध्ये. तो स्वतः भरपूर ओढायचा आणि त्याचे वडीलही. वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. म्हणजे सुरुवात आमच्या मामासारख्या माणसांसाठीच झाली होती, अकरावीतल्या पोरांसाठी नाही.

मग चालतं का हे? मी ‘इंग्लंडमध्ये डॉक्टर देतात’ म्हटलं ते खोटं नव्हतं. तिथे २०१९ मध्ये ८८६ लोकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे सिगारेट सोडू पाहणारे. निम्म्यांना व्हेप दिलं, निम्म्यांना निकोटीनचे च्युइंग गम, पट्ट्या वगैरे. दोन्ही गटांना दर आठवड्याला भेटून समुपदेशन, निदान चार आठवडे. वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून पूर्ण लांब होते, गमवाल्यांपैकी ९.९ टक्के. जवळपास दुप्पट! पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडा कोणी सांगत नाही. सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गमवाल्यांत गम, पट्टी अजून चालू असणारे फक्त ९ टक्के. सिगारेट गेली, निकोटीन राहिलं. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातले ब्याऐंशी सुटलेच नाहीत, हेही आहेच.

आमचा मामा त्या ब्याऐंशीत गेला. दसऱ्याला मी पुन्हा गेले तेव्हा मामी म्हणाली, ‘‘आता दोन-दोन व्यसनं झाली बघ.’’ सिगारेट बारावरून पाचवर आली होती, पण त्या पाच हलत नव्हत्या : सकाळी उठल्यावरची, जेवणानंतरची, प्रेसमधून सुटल्यावर भारतमाता टॉकीजजवळ चहाबरोबरची... आणि मधल्या सगळ्या वेळात व्हेप. मामा खूश होता. ‘‘अर्ध्याहून कमी केल्या की नाही!’’

गणिताने असं वाटतंच. बारातल्या सात गेल्या, म्हणजे धोकाही तेवढाच गेला. पण हृदय असं गणित करत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे : रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्यातला सुमारे निम्मा रोजच्या फक्त एका सिगारेटनेही येतो. पाचवर आणणं म्हणजे सोडणं नव्हेच. व्हेपचा जो काही फायदा आहे तो सिगारेट पूर्ण शून्य झाली तरच. हे मी फोनवर मामेभावाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट मी वहीत मांडून बघितली. यंत्रावर लिहिलं होतं ५ टक्के, १० मिली. ५ टक्के म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम. एकूण ५०० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून रक्तात जातं साधारण एक-दीड मिलिग्रॅम. मामाने ते यंत्र नऊ दिवसांत संपवलं होतं. दिवसाला पंचावन्न. त्यातलं निम्मं वाया गेलं असं धरलं तरी, बारा सिगारेटींच्या काळात मिळायचं त्याहून हे जास्त, वर पाच सिगारेटी वेगळ्या! ‘‘रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं’’ असं तो सांगत होता, आणि आम्ही सगळे ‘सिगारेट सोडल्याचा त्रास असेल’ म्हणत होतो.

इतकं निकोटीन घशाला लागत कसं नाही? इथे रसायनशास्त्र आहे. साधं निकोटीन अल्कधर्मी, घशाला झोंबतं. त्यात बेन्झोइक आम्ल मिसळलं की त्याचा क्षार होतो आणि तो मऊ उतरतो. शिवाय सिगारेट संपते. चटका लागायच्या आत टाकावीच लागते आणि दुसरीसाठी खाली टपरीवर उतरावं लागतं. व्हेप संपत नाही. मामा टीव्ही बघताना ओढायचा, बाथरूममध्ये ओढायचा. चाळीच्या तीन जिन्यांनी जेवढा आळा घातला होता तेवढाही उरला नाही.

ब्रिटनमध्ये ह्याला मर्यादा आहे. मिलीला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, एका टाकीत २ मिलीपेक्षा जास्त द्रव चालत नाही. मामाच्या हातात जे होतं ते तिथल्या दुकानात कायद्याने ठेवताच आलं नसतं. म्हणजे ‘इंग्लंडमध्ये देतात’ ती वस्तूच वेगळी.

आणि आपल्याकडे? भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. होस्टेलवरचे वकील लगेच म्हणतील, ‘‘ह्या यादीत ओढणं कुठे आहे?’’ बरोबर, नाहीये. पण साठा आहे. कपाटात दहा-बारा ठेवून विंगमध्ये वाटणाऱ्या मंडळींनी हे पुन्हा एकदा वाचावं.

सिगारेट मात्र कायदेशीर आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्राने २०२० मध्ये बंदी केली, तरी सुटी कुठे मिळते ते मी सांगायला नको. जास्त मारणारी वस्तू कोपऱ्यावर आणि कमी मारणारी बंद, हा काय न्याय, असं मामेभाऊ म्हणतो. मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. पण एक बघा : महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत तंबाखू ओढणारे फक्त ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. ज्यांना व्हेपचा उपयोग होईल ते थोडे. ज्यांना आंबा-स्ट्रॉबेरीच्या वासाने नवीन सवय लागेल ती आमच्या वयाची मुलं पुष्कळ. आमच्या मजल्यावर व्हेप ओढणाऱ्या ज्या मला माहीत आहेत, त्यातल्या एकीनेही आधी सिगारेट ओढलेली नव्हती.

बंदीचा एक परिणाम मी स्वतः उघडून बघितला. मामाचं संपलेलं यंत्र घेऊन आले आणि पक्कड लावून फोडलं. (बॅटरी पंक्चर झाली तर पेट घेते, तेव्हा हे करू नका. मी टर्मिनलला टेप लावून केलं आणि तरीही सरांच्या शिव्या खाल्ल्या.) बॅटरी चक्क रिचार्जेबल, फेकून द्यायच्या वस्तूत! कापूस एका बाजूला काळा पडलेला, म्हणजे कोरडा होऊन करपलेला. असा करपला की द्रवातून फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं निघतात. कॉइलचे धातूही थोडेथोडे धुक्यात येतात. खोक्यावर कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. ५ टक्के हे खरं की नुसतं छापलेलं, कोणाला विचारणार? अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची जी साथ आली तिचं मुख्य कारण काळ्या बाजारातल्या गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे निघालं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसं मेली. नेहमीच्या निकोटीनच्या द्रवात ते नसतं, हे खरं. पण ज्याच्यावर पत्ताच नाही त्यात काय नसतं हे सांगायचं कसं?

मामाला हे सगळं पटवायला मला आकडे लागले नाहीत. लालबागहून परळचं टाटा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९४१ पासून ते तिथे आहे आणि बाहेरच्या फुटपाथवर गावोगावचे पेशंट आणि त्यांची माणसं पथाऱ्या टाकून असतात, हे मामा लहानपणापासून बघतो. तरी त्याचं ठरलेलं उत्तर असायचं : ‘‘ते तंबाखू खाणारे गं, आणि विडीवाले.’’ म्हणून एक आकडा सांगितलाच. मुंबई शहरातल्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या, पस्तिशीपुढच्या जवळपास एक लाख लोकांची घरोघर जाऊन नोंद केली होती आणि पाच-सहा वर्षांनी पुन्हा जाऊन कोण राहिलं, कोण गेलं ते बघितलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तंबाखू न घेणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत विडीवाल्यांचा मृत्यूचा धोका १.६४ पट, सिगारेटवाल्यांचा १.३७ पट. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘बाबा विडीच ओढायचे.’’ आजोबा एकसष्टाव्या वर्षी गेले.

नंतर आम्ही जे केलं ते फार साधं आहे. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट फोन, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी. मामाने लावायला चार दिवस घेतले. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते म्हणजे अवलंबित्व जास्त, हे तिथे कळलं. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीने ४ मिलिग्रॅमचा निकोटीन गम. (२ मिलिग्रॅमचा केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो.) तो च्युइंग गमसारखा चघळत राहायचा नसतो, हे फार जणांना माहीत नाही. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की परत चावायचं. पंधरा मिनिटं आधी चहा नाही, नाहीतर निकोटीन शोषलं जात नाही. मामाने पहिल्या दिवशी चहाबरोबर कचाकचा चावला आणि ‘‘उचकी लागते, बकवास आहे’’ म्हणून फेकून दिला होता. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात असं म्हणतात. मामी म्हणते आठ.

मधे एकदा लग्नात दोन ओढल्या. ते धरून आज अकरावा आठवडा. व्हेप पूर्ण बंद, गम दिवसाला पाच. संध्याकाळी भारतमाताजवळ चहाला तो अजून थांबतो. फक्त आता आधी गम काढून कागदात गुंडाळून खिशात ठेवतो, चहा पितो आणि घड्याळ बघत पंधरा मिनिटं तिथेच उभा राहतो.