सागवानी मुख्य दार

घराच्या बाहेरच्या दाराला एकाच वेळी दोन हवामाने सोसावी लागतात. त्याच्या एका अंगावर ऊन-पाऊस असतो आणि दुसऱ्या अंगाला घरातली सावली. वर्धा जिल्ह्यात हा ताण विशेष जाणवतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. अडीच-तीन महिन्यांनी तीच हवा 80 टक्क्यांवर ओली असते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. तो घेताना ते फुगते, सोडताना आकसते, आणि झाड कापून कितीही वर्षे लोटली तरी हे थांबत नाही. म्हणून इथल्या सुताराला (वऱ्हाड-नागपूरकडे त्याला वाढई म्हणतात) एकच दार मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांसाठी करावे लागते. मापे, सांधे, फटी, तेल या सगळ्यांचा हिशेब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

या कामासाठी साग निवडला जातो त्यामागे मोठे कारण आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहसा हात लावत नाहीत. शिवाय तो आकसतो कमी. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत सागाची फळी वर्तुळांच्या दिशेने साधारण साडेपाच टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे त्याच्या निम्म्याने आकसते. लांबीत होणारा फरक जवळपास शून्य असतो. जिल्ह्याच्या उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा आणि बोरच्या रानात साग आहे. मोठ्या मापाचा माल मात्र पूर्वीपासून चंद्रपूर-गडचिरोलीकडून येतो. बल्लारपूरच्या डेपोतला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली समारंभाने रवाना झाला होता. डेपोतल्या मालावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो आणि सोबत वाहतूक परवाना लागतो. हे कागद नसलेले स्वस्त लाकूड घरमालकाने घेऊ नये. ते चोरीचे असण्याची शक्यता असते, आणि बहुतेक वेळा ते ओलेही असते.

सागाखेरीज बाभूळ हे या भागाचे खरे घरचे लाकूड. बंडीची चाके, वखर, नांगर बाभळीचे असत, तसाच उंबरठाही बाभळीचा केला जाई. कारण पायांची झीज सोसण्यात ती सागापेक्षा कणखर आहे. फक्त बाभळीत टॅनिन भरपूर असते. लोखंडी खिळा ओल्या बाभळीत मारला की त्याभोवती शाईसारखा काळा डाग पसरतो.

साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच अशा दाराचा हिशेब पाहू. पाच बाय तीन इंचांच्या चौकटीला उंबरठ्यासह एकवीस फूट लाकूड लागते, म्हणजे सुमारे सव्वादोन घनफूट. पल्ल्याला, म्हणजे उघडमीट होणाऱ्या भागालाही, साधारण तेवढेच. कापणीची तूट, गाठी आणि कडेचे पांढुरके लाकूड वजा जाते हे धरले तर सहा घनफुटांच्या आसपास माल आणावा लागतो. पांढुरके लाकूड टाकून देण्यात हात आखडता घेणे चूक आहे. सागाचे वाळवीपासूनचे संरक्षण गाभ्यापुरतेच असते. कडेचे लाकूड वाळवी आनंदाने खाते, आणि रंग चढल्यावर ते बाहेरून ओळखू येत नाही.

चिरलेले लाकूड सुकवणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, एकेका थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचतात. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत यायला हव्यात, नाहीतर फळी पट्टीच्या जागी वाकते. विदर्भात इथे एक वेगळीच अडचण येते. कोकणात लाकूड सुकत नाही अशी तक्रार असते, तर इथे ते फार झपाट्याने सुकते. एप्रिल-मेच्या वाऱ्यात फळीचा पृष्ठभाग आतल्या भागाच्या आधी कोरडा पडतो आणि तडकतो. टोकांकडून ओल सर्वांत वेगाने जाते म्हणून दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण फासून ठेवतात, आणि गंजीवर पोत्यांचा आडोसा धरतात.

लाकूड हाती आल्यावर आधी चौकट होते. दोन उभे खांब, वरची आडवी पट्टी आणि खाली उंबरठा. चौकटीच्या आतल्या कडेला पल्ला टेकण्यासाठी अर्धा इंच खोल खाच काढतात. कोपऱ्यांत खांबाच्या टोकाला जिभेसारखा कुसू काढून तो आडव्या लाकडाच्या भोकात बसवतात. चौकट जुळल्यावर गुण्या लावून काटकोन पाहिला जातो, पण सुताराचा भरवसा दोरीवर अधिक. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे. ते सुतासारखे जुळले की चौकट खरी. मग तिरपी पट्टी ठोकून चौकट भिंतीत जाईपर्यंत तशीच जखडून ठेवतात.

भिंतीत बसवताना चौकटीची पाठ डांबराने माखतात आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी होल्डफास्ट बांधकामात घालतात. ओळंबा दोन दिशांनी धरावा लागतो: समोरून आणि बाजूने. बाजूचा ओळंबा चुकला तर दार उघडे सोडल्यावर आपोआप मिटते किंवा भिंतीवर आपटते, आणि त्याला पुढे सोपा इलाज नसतो. वर्ध्याच्या काळ्या मातीचा विचारही इथेच करावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते आणि पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतीला सोबत घेऊन हलते. ‘लाकूड फुगले’ म्हणून अडणारी कितीतरी दारे खरे तर चौकट तिरपी झाल्यामुळे अडत असतात. ओळखायची रीत सोपी आहे. फट सगळीकडे सारखीच कमी झाली असेल तर लाकूड, एका कोपऱ्यात टेकून समोरच्या कोपऱ्यात उघडी पडली असेल तर भिंत.

चौकट बसवणे हा घरातला सण असतो. वरच्या पट्टीला हळद-कुंकू, सुपारी, नाण्याची पोटळी बांधली जाते, उंबरठ्याची पूजा होते, नारळ फुटतो आणि सुताराला कापड किंवा दक्षिणा मिळते. काही घरांत उंबरठ्यात उंबराच्या लाकडाचा लहान तुकडा श्रद्धेने बसवतात. उंबरठ्याला एवढा मान देणाऱ्या समाजात तो कोणी ओलांडायचा यावरही बंधने होती. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारे जमनालाल बजाज यांनी 1928 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुली केली, तेव्हा गावातल्या सर्वांत चर्चेतल्या उंबरठ्यावरचे ते बंधन तुटले.

पल्ला हा खरा कौशल्याचा भाग. जुनी रीत म्हणजे उभ्या फळ्या शेजारी-शेजारी लावून मागून आडव्या पट्ट्यांनी जखडायच्या. दिसायला हे दार भक्कम. पण तीन फूट एक इंच रुंदीच्या पल्ल्यात लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला तर सागसुद्धा साडेदहा मिलिमीटरच्या आसपास पसरतो. सुताराच्या भाषेत सव्वातीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढी फट उन्हाळ्यात सोडली तर साप आत येईल आणि नाही सोडली तर श्रावणात दार उघडणार नाही. म्हणूनच जुन्या वाड्यांत दोन पल्ल्यांची दारे केली जात. फुगणे दोघांत वाटले जाई.

पॅनेलच्या दाराने हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. दोन उभ्या पट्ट्या, तीन किंवा चार आडव्या पट्ट्या, आणि मधल्या खोबणीत सैल बसवलेली पातळ पॅनेले. आडव्या पट्ट्या लांबीत वाढत नाहीत, त्यामुळे पल्ल्याची रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांमुळे. साडेचार-साडेचार इंचांच्या त्या पट्ट्या मिळून तेवढ्याच ओलाव्यात अडीच मिलिमीटर पसरतात, म्हणजे एका सुतापेक्षाही कमी. पॅनेल आपल्या खोबणीत मोकळेपणी फुगते-आकसते. त्याला सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. अनेक नवी दारे पॅनेलच्या मधोमध फुटतात ती याच चुकीने: कोणीतरी ‘मजबुती’साठी पॅनेल चिकटवलेले असते.

सांध्यासाठी कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश ठेवतात. खालची आडवी पट्टी नऊ इंच रुंद असते. तिच्यासाठी एक रुंद कुसू न काढता दोन अरुंद काढतात, म्हणजे भोक पाडताना उभी पट्टी कमकुवत होत नाही. पटाशी आणि मोगरीने भोक दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडायचे, नाहीतर समोरच्या बाजूचे लाकूड उपटून येते. शेवटी बांबूची खुंटी. कुसवातले भोक अर्धा सूत खांद्याकडे सरकवून पाडलेले असते. खुंटी ठोकली की ती वाकत आत शिरते आणि सांध्याला ओढून घट्ट धरते. एखाद्या जुन्या दाराच्या कोपऱ्यावर बोट फिरवले तर ही खुंटी कळते: भोवतालचे लाकूड आकसलेले आणि बांबूचे गोल टोक कणभर वर आलेले.

जुळणीच्या आधी पॅनेलला सगळीकडून तेलाचा पहिला हात देणे ही छोटी पण नेमकी खूण आहे चांगल्या कारागिराची. जुळल्यावर दिला तर मेमध्ये पॅनेल आकसते आणि खोबणीतून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ डोकावते.

पल्ला तीन किंवा चार कब्ज्यांवर टांगतात. कब्ज्याचे पान बसेल एवढीच खाच पटाशीने काढायची. स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडायचे आणि स्क्रू फिरवूनच बसवायचा. तो हातोडीने ठोकला तर लाकडाचे धागे तुटतात आणि दोन वर्षांत दार लोंबते. भोवतालची फट किती ठेवायची हे महिन्यावर ठरते. मेमध्ये टांगलेल्या दाराला दीड सूत हवी, भर पावसाळ्यात टांगलेल्याला अर्धा सूत पुरते. मग कडी-कोयंडा आणि आतून अडसर.

शेवटचे अंग राखणीचे. लाखेचे पॉलिश बाहेरच्या दाराला चालत नाही; पाणी लागले की ते पांढरे पडते. वॉर्निशचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर पाणी चांगले अडवतो, पण पश्चिमेच्या उन्हात तो तडकतो, सोलतो, आणि पुन्हा लावायचा तर आधी सगळा खरवडावा लागतो. ओसरी किंवा छपरी असलेल्या दाराला तो शोभतो. उघड्यावरच्या दाराला जवसाचे तेलच बरे, कारण पुसून पुन्हा लावता येते. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत तेल गाळण्याच्या बैलघाणीत सुधारणा केल्या आणि ती ‘वर्धा घाणी’ नावाने देशभर गेली. कच्चे तेल वाळायला दिवसचे दिवस घेते, म्हणून सुतार उकळलेले, बेल तेल म्हणून मिळणारे वापरतात. पहिल्या हाताला तेवढेच टर्पेंटाइन मिसळतात. वीस मिनिटांनी उरलेले तेल फडक्याने पुसून काढायचे, नाहीतर चिकट साय धरते. हे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, त्यात उष्णता निघते, आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघडे पसरून वाळवावे किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावे.

तेल किंवा रंग देताना पल्ल्याची वरची आणि खालची कड हमखास राहून जाते, कारण टांगल्यावर तिथे हात पोचत नाही. उभ्या पट्ट्यांचे कापलेले टोक त्याच कडेला उघडे असते आणि ते नळीसारखे पाणी ओढते. म्हणून दोन्ही कडा टांगण्याआधीच तेलाने भिजेपर्यंत माखायच्या. बाहेरून खाली तिरपी पाणपट्टी ठोकली की पावसाचे ओघळ उंबरठ्यापासून दूर पडतात.

पुढे दरवर्षी मृग लागण्याआधी एक हात तेल पुरते. श्रावणात दार अडू लागले की रंधा मारण्याची घाई होते. त्या वेळी काढलेले सूतभर लाकूड पुढच्या मेमध्ये सूतभर फट होऊन राहते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावरही दार घासत असेल तरच कब्ज्यासमोरची कड रंधावी, आणि उघडे पडलेले लाकूड त्याच दिवशी तेलाने झाकावे.