आधी मीटर, मग फ्लॅश

पहाटे ५.३०

वैशाखात वर्ध्यात बारीक काम करायचं तर ते पहाटेच. नऊनंतर दुकानाचा पत्रा असा तापतो की सोल्डरिंगला हात लावावासा वाटत नाही. आज संध्याकाळी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावी लग्न आहे. टेबलावर बाबांचे दोन व्हिविटार २८३ फ्लॅश आहेत, आणि एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला विजेवरचा स्टुडिओ लाइट. शेजारी रेडिओ ट्रिगरचा डबा. एक ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर बसतो आणि तीन रिसीव्हर फ्लॅशखाली. नवे फ्लॅश घेतले असते तर ही सगळी खटपट वाचली असती, असं घरचे म्हणतात. पण सत्तरच्या दशकात निघालेल्या या फ्लॅशचा उजेड आजही तितकाच दणदणीत आहे. जुनी झाली आहे ती फक्त त्याची जोडणी. तेवढ्यासाठी तो भंगारात घालायला माझं मन धजत नाही.

सकाळी ६

भाचा सेल टाकतो. फ्लॅशमधून बारीक शिट्टी सुरू होते, चढत जाते, मग ऐकू येईनाशी होते.

"मामा, लाल बत्ती आली."

"अजून थोडं थांब. बत्ती आली म्हणजे पुरता भरला असं नाही."

व्होल्ट मोजायचं मीटर डीसीवर, मोठ्या रेंजवर. काळी पिन फ्लॅशच्या पायाच्या कडेच्या पत्र्याला, लाल मधल्या टिकलीला. हात जपून ठेवायचा, दोन्ही पिना एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. आकडा २४० वर जाऊन थांबतो. दुसरा फ्लॅश वरून हुबेहूब तसाच, पण नंतरच्या काळात बनलेला. तो ९ व्होल्ट दाखवतो. नाव एक, रूप एक, पण जुन्या जपानी बनावटीच्या २८३ मध्ये अडीचशेच्या आसपास व्होल्ट मिळतात आणि नंतरच्यांत बहुधा दहाच्या आत. म्हणून प्रत्येक नग वेगळा मोजायचा. आकडा चिकटपट्टीवर लिहून फ्लॅशच्या पोटावर लावायचा.

भाच्याला हे का होतं ते नीट समजावं असं मला वाटतं, म्हणून कागदावर काढून दाखवतो. फ्लॅशमधला मोठा कपॅसिटर तीनेकशे व्होल्टपर्यंत भरतो, त्याच्यासोबत एक छोटा कपॅसिटरही. कॅमेऱ्याने टिकली आणि पत्रा जोडला की छोटा कपॅसिटर एका इवल्या कॉइलमधून रिकामा होतो, तिथे काही हजार व्होल्टचा झटका तयार होतो आणि नळीतला झेनॉन वायू वीज वाहू देतो. त्यासरशी मोठा कपॅसिटर नळीतून रिता होतो, तोच आपला लख्ख उजेड. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात ती जोडणी धातूच्या दोन पट्ट्या करायच्या, अडीचशे व्होल्टचं त्यांना काहीच नव्हतं. डिजिटल कॅमेऱ्यात त्याच जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. कॅननने आपल्या कित्येक जुन्या कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्टची मर्यादा सांगितली होती. आंतरराष्ट्रीय मानक २४ व्होल्टचं आहे. निकॉनचे बरेचसे कॅमेरे २५० पर्यंत सोसतात.

मला हे कळलं ते नुकसान झाल्यावर. माझा पहिला डिजिटल कॅमेरा, हप्त्यावर घेतलेला. त्यावर मी असाच एक जुना फ्लॅश न मोजता बसवला. तीन फोटो निघाले, चौथ्याला फ्लॅश पेटला नाही, आणि त्यानंतर त्या कॅमेऱ्यावर कुठलाच फ्लॅश कधी पेटला नाही. दोष फ्लॅशचा नव्हता. मीटर कपाटात होतं आणि मी ते काढलं नव्हतं.

सकाळी ८

रेडिओ ट्रिगरचा खरा फायदा इथेच आहे. जुना फ्लॅश कॅमेऱ्याला शिवतच नाही, मध्ये हवा असते. पण रिसीव्हरमध्येही स्विचच असतो आणि त्यालाही मर्यादा असते. माझ्या तीनपैकी एकच रिसीव्हर ३०० व्होल्टपर्यंत चालतो, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. २४० वाला फ्लॅश त्यावरच. भाच्याने दोघांनाही निळी चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे मांडवाच्या गर्दीत अदलाबदल व्हायची नाही.

स्टुडिओ लाइट मात्र अडून बसला. टेस्टचं बटण दाबलं की पेटतो, रिसीव्हरने पेटत नाही. कॉर्ड बदलली, चॅनल बदललं, सेल बदलले. मग मीटर लावलं तर आकड्यापुढे उणेचं चिन्ह. त्याच्या सॉकेटमध्ये धन आणि ऋण उलटे होते. धातूच्या पट्टीला दिशा नसते, म्हणून जुन्या कॅमेऱ्यावर हे कधी लक्षातच आलं नसणार. या रिसीव्हरचा स्विच वीज एकाच बाजूने जाऊ देतो. कॉर्ड मधोमध कापली, दोन्ही तारांचं आवरण सोललं, आतली तांबडी तार काळीला आणि काळी तांबडीला पिळली, डाग दिला, वर नळी चढवून तापवून बसवली. बटण दाबलं आणि दुकान उजळलं. एवढ्या उलट्यासुलट्यासाठी कितीतरी चांगले लाइट भंगारात गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लाइटचं झाकण मात्र मी उघडत नाही, भाच्यालाही उघडू देत नाही. प्लग काढल्यावरही त्याचा कपॅसिटर भरलेला राहतो. तो धक्का माणसाला मारू शकतो.

सकाळी १०

चाचणी. कॅमेरा १/२५० वर ठेवला तर फोटोच्या तळाशी काळा पट्टा येतो. रेडिओला निरोप पोचवायला किंचित वेळ लागतो, तोवर शटरचा दुसरा पडदा निघालेला असतो. १/२०० वर पट्टा बारीक होतो, १/१६० वर नाहीसा. आज १/१६०.

दुपारी झोप. बाहेर ४४ अंश.

दुपारी ४.३०

निघालो. बॅगेत गोरसपाक बिस्किटांचा पुडा, कारण मांडवात आम्हाला जेवायला सगळ्यांत शेवटी मिळतं.

सेवाग्रामवरून जाताना गाडी थोडा वेळ थांबवतोच. गांधीजी १९३६ मध्ये इथे आले. त्यांचे नातू लागणारे कनू गांधी इथेच राहून फोटो काढायचे. त्यांचा रोलिफ्लेक्स घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून आला होता. बापूंच्या अटी तीन होत्या. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, खिडकीतून येईल तेवढा उजेड, आणि त्या काळच्या फिल्मवर त्यांनी ते सगळं टिपलं. मी पोटासाठी फ्लॅश लावतो, तरी ती पहिली अट मला पटते. उजेड समोरच्या माणसाच्या डोळ्यांत घुसता कामा नये. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब, उंच, पांढऱ्या छत्रीत लावता येतो, म्हणून तर मला हा रेडिओ हवा.

संध्याकाळी ६

मांडव लालपिवळ्या कापडाचा. छताकडे फ्लॅश वळवला तर सगळी वऱ्हाडी मंडळी लाल दिसतील. म्हणून छत्र्याच. दोन स्टँड, प्रत्येकाच्या पायाला दोरीने बांधलेली वीट. २८३ च्या पुढच्या अंगाला प्रकाश मोजणारा डोळा असतो, तो नवरा-नवरीकडे राहील असा स्टँड फिरवतो. रेडिओने फक्त 'पेट' म्हणायचं, किती पेटायचं ते हा डोळा ठरवतो.

उजेड पाहून पेटणारी स्लेव्ह मी मांडवात लावत नाही. पाहुण्यांपैकी कुणाचाही कॅमेरा चमकला की ती पेटते, आणि आजच्या कॅमेऱ्यांचा मापाचा आधीचा छोटा चमकारा तिला खरा वाटतो.

संध्याकाळी ७

मुहूर्ताला वीस मिनिटं उरली असताना माझे फ्लॅश आपोआप पेटू लागले. नवरदेवाकडच्या फोटोग्राफरचे ट्रिगर माझ्यासारखेच, आणि चॅनलही तेच.

"भाऊ, तुमचं चॅनल कोणतं हाय?"

"एक नंबर जी. अन् तुमचं?"

"माझंही एकच. तुम्ही राहू द्या, मी सातवर जातो."

भाच्याने तिन्ही रिसीव्हर खाली उतरवून बदलले. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या.

अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा एकच फोटो मिळतो. पांढऱ्या छत्रीतून दोघांच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पडला आणि पिवळ्या अक्षता हवेत जिथल्या तिथे थांबल्या. स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला, दाणा न दाणा वेगळा, कडा स्वच्छ. फ्लॅशचा डोळा पुरेसा उजेड झाला की नळीची वीज तिथेच तोडतो, जवळच्या वस्तूसाठी १/३०,००० सेकंदाइतक्या कमी वेळात. कॅमेरा १/१६० वर असला तरी दाणा थांबवतो तो फ्लॅश. अमेरिकी अभियंते एजर्टन यांनी पडता दुधाचा थेंब फोटोत टिपला तो याच गुणावर. भाचा स्क्रीनकडे पाहत राहिला. तो काहीच बोलला नाही, याचा मला आनंद झाला.

रात्री ११

जेवून सामान बांधत होतो. मुलीचे काका एक कापडी पिशवी घेऊन आले. आत जुना फ्लॅश, सेलच्या खाचेत हिरवट बुरशी.

"माझ्या बापाचा होता जी. चालते का पाहा ना. मले फेकवत नाही."

मी हात पुढे करणार, तोवर भाच्याने तो घेतला. खाच लिंबाच्या फोडीने घासली, रुमालाने कोरडी केली, आमचे चार सेल टाकले. बराच वेळ काहीच नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर पहिल्यांदा हळूच भरतो, घाई केली तर बिघडतो. काका उभेच होते. मांडवातले दिवे एकेक करून काढत होते.

मग बारीक शिट्टी सुरू झाली.

"थांबा काका," भाचा म्हणाला, आणि त्याने खिशातून मीटर काढलं.