पॉम्प्लेट छापायच्या आधी

मैत्रिणींनो, प्रदर्शनात स्टॉल मिळाला की गटात पहिला विषय निघतो, पॉम्प्लेट छापायचं का? छापायचं. पण कशासाठी, ते आधी ठरवा. स्टॉलवर उभ्या गिऱ्हाईकाला पत्रक लागत नाही, चटणी चाखली की त्याला कळतं. पत्रक लागतं ते घरी गेल्यावर, पाकीट संपल्यावर.

आमच्या गटाचं सांगते. मुंबईच्या महालक्ष्मी सरससाठी आम्ही हजार पत्रकं छापली. चकचकीत कागद, सगळ्या जणींची नावं. फोन नंबर मात्र तेव्हाच्या सचिवताईंचा. पुढं पदाधिकारी बदलले, ताईंचं सिम बंद झालं. कारळाची चटणी आवडलेली माणसं फोन लावणार कुठं? उरलेल्या पत्रकांच्या पाठीमागं आम्ही अजून हिशेब लिहितो! आता गटाच्या कामापुरतं वेगळं सिम घेतलंय, रिचार्ज गटाच्या खर्चातून.

नांदेडच्या तायांनी हे जास्तच ध्यानात घ्यावं. हुजूर साहिबला पंजाबातून भाविक येतात. ते काही पुढच्या महिन्यात पापड घ्यायला परत येणार नाहीत, त्यांच्यासोबत तुमचं पत्रकच जाणार. तिथं एका बाजूला हिंदी हवीच. देगलूर, उदगीरकडं तेलुगू, कन्नडच्या दोन ओळीही चालतील, पण जाणकाराकडून वाचून घ्या.

मजकूर थोडका ठेवा. मालाचं नाव, वजन, किती दिवस टिकतो, गाव-तालुका, फोन, आणि खाण्याचा माल असेल तर फूड लायसनचा १४ अंकी नंबर. कुरिअरचा खर्च वेगळा, हेही लिहा. नाहीतर फोनवर वाद होतो. भाव छापू नये असं माझं मत. तेल-डाळीचे दर हलतात, मग पेनानं खाडाखोड करत बसायचं. भावाची वेगळी चिठ्ठी जोडा.

आता जरा जपायची गोष्ट. "ज्वारीच्या पापडानं शुगर बरी होते" असलं काही लिहू नका. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गटाचं सगळं भांडवल त्यात जाईल.

गावाच्या नावाचंही तसंच. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपली डाळ दुसरीकडची असेल तर पत्रकावर बोरसुरी लिहिता येत नाही. आपल्याच गावाचं नाव लिहा, त्यात काय कमीपणा?

पहिल्यांदा दोनशेच छापा. आणि छापखान्यातून नमुना आला की त्यावरचा नंबर बघून तिथंच उभं राहून फोन लावा. आपल्या पिशवीतला फोन वाजला, तरच छपाईला हो म्हणा.