मलब्यातला सलिव्हन

शिकागोचा छायाचित्रकार रिचर्ड निकेल विद्यार्थी असताना लुई सलिव्हन या वास्तुशिल्पीच्या इमारतींचे फोटो काढू लागला. काम अभ्यासाचे होते, वेड मात्र जन्मभराचे ठरले. कारण कॅमेरा लावावा आणि पाठोपाठ इमारत पाडणारे यावेत, असाच तो काळ होता.

1960 मध्ये सलिव्हनचे गॅरिक थिएटर वाचवण्यासाठी तो फलक घेऊन रस्त्यावर उतरला. पुढच्याच वर्षी ते पाडले गेले. मग छिन्नी-हातोडा घेऊन त्याने भाजक्या मातीची नक्षी, प्लास्टरची पाने-वेली, लोखंडी जाळ्या सुट्या केल्या. ठेकेदारांच्या लेखी तो निव्वळ राडारोडा! त्याने जमवलेले शेकडो नमुने पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठाने विकत घेतले.

13 एप्रिल 1972 रोजी तो पाडकाम सुरू असलेल्या, सलिव्हनच्याच शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत शिरला आणि वरचा भाग त्याच्यावर कोसळला. मृतदेह सापडला 9 मे रोजी.

त्याच इमारतीचे सौदे चालणारे दालन, वाचवलेले तुकडे वापरून, 1977 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभे राहिले. प्रवेशद्वाराची कमान संग्रहालयाबाहेर आहे. ती पाहायला तिकीट लागत नाही.