उपकारस्मरणाची दिवाळी

आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. ज्ञानाचा प्रकाश मावळला, म्हणून मल्ल व लिच्छवी गणांच्या 18 राजांनी दिवे उजळले, असे कल्पसूत्र सांगते. आपल्या दिवाळीतील पणती ही मुळात शोभेची वस्तू नव्हे. ती उपकारस्मरणाची खूण आहे.

हे ध्यानी ठेवले, तर घराची सजावट सहजच साधी होते. दाराला आजीने विणलेले मण्यांचे तोरण पुरते. ते वर्षानुवर्षे टिकते आणि त्यासाठी पाने-फुले खुडावी लागत नाहीत. पाटावर अक्षतांचे स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन पुंज व सिद्धशिलेची चंद्रकोर रेखावी. दिवे मोजकेच असावेत आणि काचेआड ठेवावेत, म्हणजे पतंग होरपळणार नाहीत.

जीवांनी परस्परांवर उपकार करावा, हे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायाचे सांगणे आपल्या पेढीलाही लागू आहे. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर आपण गौतमस्वामींचे नाव लिहितो. त्याआधी जुनी वही एकदा नीट चाळावी. हमालाची मजुरी, मुनीमजींचे वेतन, घर झाडणाऱ्या मावशींचा पगार यांतील काही थकले आहे काय? ज्यांच्या श्रमांवर पेढी उभी आहे, त्यांच्या घरी अंधार आणि आपल्या दारी रोषणाई, ही शोभा नव्हे.

ते देणे धनत्रयोदशीपूर्वीच चुकते करावे. मिठाईचा पुडा मुलांच्या हातून, नमस्कारासह द्यावा. कृतज्ञतेचा संस्कार मुलांवर असाच होतो.