सरपंचाला गाव कसे हटवते?

वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडा हा भिवंडी तालुक्यातला गोदामांचा पट्टा. शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली, तसे इथल्या घरपट्टीला, दाखल्यांना आणि ओघानेच सरपंचाच्या सहीला मोल आले. ती सही करणारा मनमानी करू लागला, तर गावाच्या हातात काय असते?

पूर्वी सरपंच सदस्यच निवडत आणि तेच उतरवत. 2017 मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली. 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. लोकांनी बसवलेल्याला चार सदस्यांनी परस्पर उठवू नये, म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 मधली वाट मुद्दाम लांब केली आहे. निवडीनंतर दोन वर्षे आणि मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत अविश्वास आणताच येत नाही. एरवी किमान दोन तृतीयांश सदस्य तहसीलदारांना नोटीस देतात. तहसीलदार सात दिवसांत विशेष सभा बोलावतात. सरपंचाला तिथे बोलता येते, मतही देता येते. मतदानाचा हक्क असलेले 12 जण असतील, तर ठरावाला 9 मते लागतात, म्हणजे तीन चतुर्थांश. एवढे होऊनही सरपंच पदावरच असतो. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे विशेष ग्रामसभा भरते, गुप्त मतदान होते आणि गावाने साध्या बहुमताने शिक्कामोर्तब केले तरच खुर्ची जाते.

तुलनेसाठी अमेरिका पाहा. तिथे राष्ट्राध्यक्षावर प्रतिनिधीगृह महाभियोग ठेवते आणि सिनेट दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवू शकते. 2021 मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध 57 मते पडली, हवी होती 67. आजवर एकही अध्यक्ष या मार्गाने पदावरून गेलेला नाही. त्या सगळ्या प्रक्रियेत सामान्य मतदाराला मतच नाही. आपल्याकडे शेवटचा शब्द त्याचा आहे, आणि माझ्या मते कायद्यातली ही सर्वांत मोलाची तरतूद आहे.

गैरवर्तनासाठी कलम 39 वेगळे आहे. त्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि विभागीय आयुक्त निर्णय देतात.

पण या सगळ्याचा पाया म्हणजे वेळेवर निवडणूक. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतीची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधीच निवडणूक घेणे बंधनकारक केले. ती घेणारा राज्य निवडणूक आयुक्त सरकारला नकोसा झाला म्हणून काढता येत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके संरक्षण त्याला आहे. तरीही ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यातल्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढण्याचा आदेश द्यावा लागला. घटनेत इतके स्पष्ट लिहिलेले असताना ही वेळ यायलाच नको होती.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने सक्तीचे आहे. पुढच्या सभेची नोटीस लागली की जरूर जा, गोदामांच्या घरपट्टीचा हिशेब मागा आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.